आईवडील कर्णबधिर, मूल ऐकणारे: मुलाला दुभाषी किती होऊ द्यावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी आणि माझे यजमान दोघेही कर्णबधिर आहोत. मला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि त्यात ऐकणे गेले. तोवर मराठी पक्की झालेली असल्यामुळे वाचन-लेखन पुढे सुरळीत चालले. मी बोलतेही, परंतु माझे बोलणे परक्या माणसाला चटकन समजत नाही. यजमानांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते निवासी शाळेत शिकले. वर्गात शिक्षक त्यांच्याकडून ओठवाचन करून घेत आणि संध्याकाळी वसतिगृहातली मोठी मुले त्यांना खुणांची भाषा शिकवत. आता ते कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत आणि मी एका दुकानाचे हिशेब संगणकावर लिहिते. आमची मुलगी आठ वर्षांची असून तिला उत्तम ऐकू येते. सासूबाई आमच्यासोबत राहतात. मुलगी आजीशी मराठीत, वडिलांशी खुणांनी आणि माझ्याशी दोन्ही मिसळून बोलते.

घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज मिळेल का, हे विचारायला आम्ही तिघे नुकतेच एका पतसंस्थेत गेलो होतो. माझे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. खिडकीमागच्या गृहस्थांनी तो कागद न वाचताच बाजूला सारला आणि ते थेट मुलीशी बोलू लागले. मुलीने आमच्याकडे वळून खूण केली, "साहेब आज कामात आहेत, नंतर या." समोरच्याच्या तोंडात तंबाखू नसेल तर मला ओठांवरून निम्मेअधिक कळते, आणि त्या गृहस्थांच्या तोंडात तंबाखू नव्हती. ते म्हणाले होते, "यांना काय समजणार, घरातला कुणी शहाणा माणूस पाठव." ते वाक्य मुलीने आपल्या वडिलांपर्यंत पोहोचू दिले नाही.

तेव्हापासून मी विचारात आहे. गॅसवाला, भाजीवाला, रिक्षा, शेजारी, शाळेतून येणारे फोन ही सगळी कामे हळूहळू तिच्याकडे गेली आहेत, आणि ती ठरवून कुणीच दिलेली नाहीत. ज्यांनी कर्णबधिर पालक म्हणून ऐकणारी मुले वाढवली आहेत, किंवा जे अशा घरात लहानाचे मोठे झाले आहेत, त्यांनी मर्यादा कोठे आखली? दुसरा प्रश्न सासूबाईंचा आहे. त्यांच्या मते आम्ही घरात खुणा कमी केल्या तर मुलीचे मराठी अधिक सुधारेल. याविषयीही जाणकारांनी लिहावे.

नीलमोहर

मी अशाच घरातला आहे. माझे आईवडील दोघेही कर्णबधिर, आणि मी पाचव्या वर्षापासून त्यांच्यासाठी बोलत आलो. मला हा विषय जरा जास्त गंभीर केला जातो असे वाटते. शेतकऱ्याचे मूल गुरांकडे बघते, दुकानदाराचे मूल गल्ल्यावर बसते, तसे मी दूधवाल्याशी बोललो. त्यातून मला माणसांची पारख आली, कुठल्याही कार्यालयात शिरायची भीती गेली, आणि आज माझ्या व्यवसायात मला त्याचाच उपयोग होतो. तुमच्या मुलीने अपमानाचे वाक्य गाळले, यात मला तिचे शहाणपण दिसते. त्या क्षणी तिने ते जसेच्या तसे सांगितले असते तर कर्ज मिळाले असते काय?

हातमागे

पालकसभेत दुभाषी होण्याचे फायदे मात्र निर्विवाद आहेत. बाई म्हणाल्या, "हा वर्गात सतत बडबड करतो आणि गृहपाठ करत नाही." मी आईला खुणेने सांगितले, "बाई म्हणतात, सगळ्यांशी मिळूनमिसळून राहतो." पुढे वडिलांनी प्रगतिपुस्तकातला शेरा शेजारच्या काकांकडून समजावून घेतला आणि माझी ती सोय कायमची बंद झाली.

रानजाई

हातमागे यांचे वाचून हसू आले, पण नीलमोहर यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

मी सहावीत असताना माझ्या वडिलांच्या घशात गाठ निघाली. रुग्णालयात डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल माझ्याकडे बघून सांगितला, कारण त्या खोलीत ऐकू येणारी मी एकटीच होते. "कर्करोग" या शब्दासाठी कोणती खूण करायची हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असती तरी ती वडिलांसमोर करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी त्यांना "गाठ आहे, औषध लागेल" एवढेच सांगितले. ते निर्धास्त झाले आणि मला घेऊन उसाचा रस प्यायला गेले. पुढचे काही दिवस कर्करोगाचे ते सत्य एकट्या माझ्याच डोक्यात राहिले, आणि मामा गावाहून आल्यावर त्यांनी ते घरात सांगितले. वडील नंतर बरे झाले, म्हणून मी हे लिहू शकते.

नीलमोहर, दूधवाल्याशी बोलणे आणि हे, या दोन्हींना एकच नाव देता येत नाही. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला आपल्या वडिलांच्या अब्रूची किंवा जिवाची राखण करावी लागत नाही. कृष्णाकाठताई, तुमच्या मुलीने त्या खिडकीपाशी तेच केले. ती शहाणी आहे हे खरे, परंतु आठव्या वर्षी तिला एवढे शहाणे व्हावे लागले याची चिंता करणे योग्यच आहे.

नीलमोहर

रानजाई, रुग्णालयाविषयी मी वाद घालणार नाही. तेथे मोठा माणूसच हवा. माझा आक्षेप इतकाच आहे की मुलाकडून कोणतेच काम घेऊ नये असे ठरवले तर मूल आईवडिलांच्या जगातून बाहेर पडते. माझ्या धाकट्या बहिणीला घरच्यांनी या सगळ्यापासून मुद्दाम दूर ठेवले. आज तिला खुणा जेमतेम येतात आणि आईला तिच्याशी बोलायचे असले की मला फोन करावा लागतो.

वाचास्पंद

मी वाचा आणि भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

खुणांमुळे बोलणे मागे पडते ही समजूत फार घरांत आहे आणि तिला आधार नाही. माँट्रियल येथील लॉरा-अॅन पेटिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्णबधिर पालकांच्या ऐकणाऱ्या बाळांचा बराच अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांनी दाखवले की ज्या बाळांसमोर घरात सांकेतिक भाषा चालते, ती बाळे हातांनीही बडबडगीतासारखी लयबद्ध बडबड करतात, आणि त्या हालचालींची लय इतर हातवाऱ्यांपेक्षा संथ असते. क्युबेकमधील त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात फ्रेंच आणि तेथील सांकेतिक भाषा या दोन्ही एकाच वेळी शिकणाऱ्या मुलांनी दोन्ही भाषांतले टप्पे वेळेवर गाठले. सांगलीतले मूल घरी कानडी आणि शाळेत मराठी बोलते तेव्हा आपण घाबरत नाही. हातांच्या भाषेलाच का घाबरावे?

धोका वेगळ्या ठिकाणी असतो, आणि त्याचे एक गाजलेले उदाहरण आहे. अमेरिकेतील कनेक्टिकटमध्ये जिम या नावाने नोंदवलेला एक ऐकणारा मुलगा होता. १९८१ मध्ये त्याच्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचे पालक कर्णबधिर होते, पण मुलाला ऐकू येते म्हणून ते त्याच्याशी खुणांनी बोलत नसत. त्याच्या कानावर इंग्रजी पडे ते मुख्यतः दूरचित्रवाणीतून. पावणेचार वर्षांचा झाला तेव्हा त्याची वाक्यरचना विचित्र आणि तुटक होती. प्रौढ माणसे त्याच्याशी नियमित बोलू लागल्यावर त्याने ती कसर वेगाने भरून काढली. म्हणजे त्याला एकही भाषा जिवंत माणसाकडून पुरेशी मिळाली नव्हती. दूरचित्रवाणी उत्तर देत नाही, प्रश्न विचारत नाही, मुलाच्या बोलण्याची वाट पाहत नाही.

तुमच्या मुलीला आजी आहे, शाळा आहे, अंगणातली मुले आहेत. तिचे मराठी सुरक्षित आहे. तुम्ही दोघांनी मात्र खुणा कमी न करता वाढवाव्यात, कारण रोजच्या कामापलीकडचे बोलणे, म्हणजे गोष्टी, थट्टा, का आणि कसे, हे वडिलांकडून तिला त्याच भाषेत मिळणार आहे.

दत्तूमास्तर

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत अनेक वर्षे शिकवले आणि आता निवृत्त आहे. वाचास्पंद यांच्या अभ्यासाविषयी मला आदर आहे, तरीही एक वेगळे मत मांडतो. कृष्णाकाठ यांना वाचा आहे. त्यांनी मुलीशी आवर्जून बोलावे. आम्ही मुलांना हात खाली ठेवून बोलायला लावत होतो, ते दुष्टपणाने नव्हे. बाहेरचे जग बोलणारे आहे आणि पोस्टात, बँकेत, रेल्वेत कुणालाही खुणा येत नाहीत. बोलण्याचा सराव असलेली आमची मुले नोकरीत टिकली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पत्र्याचीचाळ

मास्तर, मी तुमच्यासारख्याच एका शाळेत होतो. माझी मराठी साधी आहे, मी छोटी वाक्ये लिहितो. मी जन्मापासून बहिरा आहे. बायकोपण बहिरी आहे. आमचा मुलगा ऐकतो. तो लहान होता तेव्हा माझे वडील म्हणाले, याला गावी ठेवा, इथे राहिला तर मुका होईल. आम्ही ठेवला. तो गावी चांगला बोलायला शिकला. शाळेच्या वेळी परत आला. त्याला खुणा येत नव्हत्या. मला त्याचे ओठ समजत नव्हते. ताटावर बसलो की तो आजीशी बोलायचा आणि हसायचा. मी विचारायचो, काय झाले. तो म्हणायचा, काही नाही.

आता तो नोकरी करतो. चांगला आहे. पैसे पाठवतो. मोबाइलवर मला लिहितो, "जेवलात का". मी लिहितो, "हो". आमचे एवढेच बोलणे आहे.

ताई, पतसंस्थेचे काम दुसरा माणूस करेल. मुलीशी बोलणे दुसरा माणूस करू शकत नाही.

दत्तूमास्तर

आपले लिहिणे वाचले. याच्यापुढे माझा युक्तिवाद मी ताणत नाही.

वाचास्पंद

मास्तरांची पद्धत ही त्यांच्या एकट्याची नव्हती, हे नमूद करायला हवे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या परिषदेने वाचापद्धतीच श्रेष्ठ असल्याचा ठराव केला आणि जगभर शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेने त्या ठरावांविषयी खेद व्यक्त केला. मधल्या १३० वर्षांत शिक्षक झालेल्या माणसांना जे शिकवले गेले, तेच त्यांनी शिकवले.

बोरीबंदर

विषयाला लागूनच आहे म्हणून लिहितो. टेलिफोनशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हेही अशाच घरातले होते. त्यांच्या आईला ऐकू येणे फार कमी होते आणि लहानपणी ते तिच्याशी दोन्ही हातांच्या बोटांनी अक्षरे करून बोलत. त्यांच्या पत्नीचे ऐकणे पाचव्या वर्षी लोहितांग ज्वरात (स्कार्लेट फीव्हर) गेले होते. त्यांच्या दोन्ही मुली ऐकणाऱ्या. एवढे असूनही याच गृहस्थांनी १८८३ मध्ये निबंध वाचून इशारा दिला की कर्णबधिरांची आपसांतली लग्ने चालू राहिली तर माणसांची एक बहिरी जात तयार होईल. ज्याच्या घरात उलटे उदाहरण होते त्यानेच हे म्हणावे, हे नवल आहे. इंग्रजांची ती दोन हातांची वर्णमाला आपल्या भारतीय सांकेतिक भाषेतही रुजली. अमेरिकेत एका हाताने अक्षरे करतात.

भोपळ्याचीवेल

अज्ञानाबद्दल क्षमस्व, पण दोन्ही पालक कर्णबधिर असताना मुले ऐकणारी कशी होतात?

वाचास्पंद

बहुतेक वेळा ऐकणारीच होतात. आजाराने किंवा जन्मावेळच्या अडचणींनी ऐकणे गेले असेल, तर ते मुलात उतरण्याचा प्रश्नच नसतो. आनुवंशिक कारण असले तरी अशी जनुके अनेक आहेत. पुष्कळ प्रकारांत आई आणि वडील या दोघांकडूनही एकाच जनुकाची सदोष प्रत यावी लागते. आईचे कारण एका जनुकात आणि वडिलांचे दुसऱ्यात असेल, तर मूल ऐकणारे होते.

शेवंती

धागा वाचून धीर आला, म्हणून विचारते. आम्ही दोघेही कर्णबधिर आहोत आणि मला सातवा महिना चालू आहे. सगळे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, रात्री बाळ रडले तर तुम्हाला कसे कळणार? आई म्हणते, एक वर्ष माहेरीच राहा. मला आमच्या घरी राहायचे आहे.

मांडवीतीर

शेवंती, मी फोंड्याची आणि दोन ऐकणाऱ्या मुलग्यांची कर्णबधिर आई आहे. मोठ्याच्या वेळी माझ्याकडे कोणतेही यंत्र नव्हते. साडीची झोळी माझ्या खाटेलगत बांधलेली असे आणि तिची दोरी माझ्या मनगटाला असे. बाळ चुळबुळले की दोरी ओढली जाई आणि मी रडण्याच्या आधीच जागी होत असे. शेजारीण म्हणायची, तुझे बाळ रडतच नाही. धाकट्याच्या वेळी बाळाच्या आवाजाने दिवा उघडझाप करणारे आणि उशीखाली थरथरणारे यंत्र मिळाले. आता मोबाइलमध्येच ती सोय आहे. आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींत २०२० पासून बाळाचे रडणे, दाराची घंटा यांसारखे आवाज ओळखून इशारा देण्याची व्यवस्था आली आहे आणि मनगटी घड्याळ जोडले तर ते हातावर थरथरते. तरीही रात्री मोबाइलची बॅटरी संपू शकते, म्हणून एकाच उपायावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट पाहाल. अशा घरातले बाळ लवकरच ओळखते की नुसते रडून काम होत नाही. माझा मोठा रांगायला लागल्यावर माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघून मग रडायचा. मी पाठमोरी असेन तर साडी ओढायचा. आजी खोलीत असली की मात्र जागच्या जागी भोकाड पसरायचा.

हातमागे

आमच्या घरात दूरचित्रवाणीचा आवाज पूर्ण मोठा असायचा, कारण त्याचा त्रास घरात मला एकट्याला होई आणि मला तो आवडायचा. चाळीची बैठक भरली तेव्हा आईवडिलांना कळले. भांडणात मात्र मी नेहमी हरायचो. मी डोळे मिटून घेतले की आईला बोलता येत नसे. मग ती दिवा बंद करून निघून जायची आणि मला अंधारात कुणाशीच भांडता येत नसे.

चौथीच्याबाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या वर्गात अशी एक मुलगी आली तेव्हा तिच्याविषयी इतर शिक्षकांच्या तक्रारी असत. ती बोलताना भुवया उडवते, तोंडे करते, हाक मारायच्या ऐवजी मुलांना हात लावते, आणि रागावले तर मान खाली न घालता टक लावून बघते. आपल्याकडे हा उद्धटपणा समजला जातो. तिच्या घरी जाऊन आल्यावर सगळा उलगडा झाला. खुणांच्या भाषेत भुवया वर गेल्या की तो प्रश्न होतो, चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे, आणि समोरच्यावरून नजर काढणे म्हणजे त्याचे बोलणे ऐकायला नकार देणे. ती लिहिताना "आपण सहलीला जाणार कुठे" असे प्रश्नशब्द शेवटी घेऊन लिहीत असे. ते सांकेतिक भाषेच्या वळणाने येत होते आणि वर्षभरात आपोआप कमी झाले. कृष्णाकाठ यांनी शाळेला हे आधीच सांगून ठेवावे. शिक्षकांना कुणी सांगतच नाही.

पालकसभेविषयीही लिहिते. आम्ही त्या मुलीला सभेतून बाहेर खेळायला पाठवले आणि तिच्या आईशी फळ्यावर लिहून बोललो. वेळ दुप्पट लागला, पण मुलीची तक्रार मुलीच्याच तोंडून ऐकण्याची पाळी आईवर आली नाही. वडिलांना लेखी मराठी अवघड जात होते, तेव्हा त्यांच्या संस्थेतील दुभाषी मोबाइलच्या व्हिडिओवरून जोडले गेले.

हडसनपार

मी न्यू जर्सीत राहतो. माझी मेहुणी कर्णबधिर आहे आणि तिची मुले ऐकणारी आहेत. येथे अपंगत्वविषयक कायद्याखालील नियमांत २०१० मध्ये दुरुस्ती झाली. ती मार्च २०११ पासून लागू आहे आणि तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की जिवावरचा प्रसंग असून दुभाषी उपलब्ध नसेल एवढा अपवाद सोडला, तर रुग्णालयाने किंवा कार्यालयाने अल्पवयीन मुलावर दुभाषी म्हणून विसंबता कामा नये. व्यवस्था करण्याचे आणि खर्चाचे उत्तरदायित्व रुग्णालयाचे असते. सगळे नेहमी सुरळीत होते असे नाही. पडद्यावरचा दुभाषी मध्येच गोठतो, मेहुणी वैतागते. परंतु नियम आहे म्हणून ती ठामपणे सांगू शकते की माझा मुलगा बोलणार नाही.

सनदशीर

आपल्याकडे मुलांविषयी इतका स्पष्ट नियम नाही, परंतु कृष्णाकाठ यांच्या प्रसंगाला लागू पडणारे कायद्याचे आधार आहेत. मी वकील आहे, म्हणून नेमके लिहितो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा आणि बँकेचे कर्ज, गहाण व इतर पतपुरवठा मिळवण्याचा हक्क आहे. "शहाणा माणूस पाठव" हे म्हणणे त्या कलमाच्या थेट विरुद्ध आहे. कलम ९२ प्रमाणे लोकांसमक्ष दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. मी लगेच फौजदारीचा सल्ला देत नाही. आधी शाखेच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात कलम १३ नमूद करावे आणि सर्व उत्तरे लेखी मागावीत. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

अडचण दुभाष्यांची आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांवर होती आणि त्या मानाने प्रमाणित दुभाषी अत्यल्प आहेत. म्हणूनच सगळा भार घरातल्या मुलांवर येतो.

रानजाई

सनदशीर यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगते. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले. कर्णबधिरांची मुले आणि भावंडे यांच्या पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन त्यांना दुभाषी म्हणून प्रमाणपत्र देण्याची सोय त्या केंद्राने केली आहे. मीही आता दुभाषी म्हणून काम करते आणि रुग्णालयांत आवर्जून जाते. मोबदला घेते, थकले की नाही म्हणते, आणि जे बोलले गेले ते सगळे सांगते. अपमानसुद्धा सांगते, कारण त्याला काय उत्तर द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा अपमान झाला त्याचा आहे. लहानपणी मला हे तिन्ही शक्य नव्हते.

कृष्णाकाठताई, त्याच केंद्राचा शब्दकोश व्हिडिओ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहे. २०२१ मध्ये त्यात १०,००० संज्ञा झाल्या. वैद्यकीय आणि कायदेविषयक शब्दही आहेत. सासूबाईंना दाखवा. मुलीला पुढे हवे असल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा विषयही घेता येतो.

भोपळ्याचीवेल

पण मग मुलीने काय करावे आणि काय करू नये, याचे उत्तर कुणी दिलेच नाही. सगळे कायद्यावर आणि बाळांवर गेले.

मांडवीतीर

आमच्या घरातला नियम सांगते, इतरांना पटेलच असे नाही. पैसा, आजार, भांडण आणि मुलांच्याच तक्रारी या चार गोष्टींत मुलगे मध्ये येत नाहीत. बाकी ठिकाणी आधी विचारायचे, आणि "नको" म्हणाले तर कारण मागायचे नाही. धाकटा लाजाळू आहे, तो बहुतेक वेळा नको म्हणतो. मी कागद-पेन घेऊन जाते. मोठा स्वतःहून पुढे येतो, त्यालाच कधीकधी थांबवावे लागते. आणि समोरचा माणूस मुलाकडे बघून बोलू लागला, तर मुलगा बोट माझ्याकडे दाखवतो आणि गप्प राहतो. हे मात्र मी त्यांना शिकवले आहे.

पत्र्याचीचाळ

हा नियम चांगला आहे. बोट दाखवायचे चांगले आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये बरेच काही घडले.

सनदशीर यांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहिला आणि आम्ही दोघेच पतसंस्थेत गेलो. व्यवस्थापकांनी खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून त्यावर उत्तरे लिहून दाखवली. कर्जाचा निर्णय अजून व्हायचा आहे. व्याजाचा दर आम्हाला जास्त वाटला आणि यजमानांनी तो तेथेच घासाघीस करून पाहिला, माझ्यामार्फत, खुणांनी आणि मोठ्या हातवाऱ्यांनी. सारी शाखा बघत होती. खिडकीवरचे गृहस्थ त्या दिवशी तेथे नव्हते.

त्यांचे मूळ वाक्य मी यजमानांना सांगितले होते. त्यांना ते आधीच कळले होते. माणसाचा चेहरा त्यांना माझ्यापेक्षा लवकर वाचता येतो. त्यांनी मुलीला जवळ बसवून सांगितले की कुणी वाईट बोलले तरी मला सांगायचे, मी मोठा आहे. तिने विचारले, "मग तुम्ही रागावणार का?" ते म्हणाले, "हो, पण तुझ्यावर नाही."

सासूबाईंनी शब्दकोशातल्या भाज्यांपासून सुरुवात केली आहे. पत्र्याचीचाळ यांचे लिहिणे मी त्यांना वाचून दाखवले, त्यानंतर त्यांनी खुणा कमी करा असे म्हटलेले नाही.

मांडवीतीर यांच्या चार गोष्टींची यादी आम्ही जशीच्या तशी घेतली, त्यात शाळेचे फोन जोडले. फोन आता आजी घेते किंवा बाई मला संदेश लिहितात. मुलीला हे पूर्णपणे पसंत नाही. तिच्या मते तिचे महत्त्व कमी झाले आहे. भाजीबाजार आपल्याकडेच राहील, अशी अट तिने घातली आहे, आणि ती मान्य करावी असे आम्हाला वाटते.

रानजाई

अवश्य मान्य करा. तिने नको म्हटले की मात्र लगेच सोडा.

शेवंती

मी आईला झोळीची दोरी समजावून सांगितली. ती म्हणाली, आधी मी येऊन महिनाभर बघते, मग ठरवू. म्हणजे माहेरी जाण्याचे टळले आणि माहेरच माझ्याकडे येणार आहे.

नीलमोहर

कृष्णाकाठताई, बाजार तिच्याकडे राहिला याचा मला आनंद झाला. पैसा आणि आजार यांविषयी रानजाईंचे म्हणणे मी मान्य केले आहे. फक्त बाजाराचा हिशेब रोज तपासत जा. भाजीवाला भाव मला सांगायचा आणि मी आईला, आणि मधल्या फरकात माझी शेंगदाण्याची चिक्की बसायची.